लिफ्ट, विमानं आणि हप्ता कोण भरणार

आमच्या सोसायटीची लिफ्ट गणपतीच्या आधी बंद पडली ती कायमचीच. म्हणजे मेकॅनिक आला, वर मशीनरूममध्ये अर्धा तास काहीतरी ठोकत बसला आणि खाली येऊन हात पुसत म्हणाला, मॅडम आता याचे पार्ट मिळत नाहीत, नवीनच घ्या. झालं. सात मजली बिल्डिंग, २८ फ्लॅट, निम्म्याहून जास्त घरात गुडघेदुखीवाले, आणि खजिनदार मी. खजिनदार कशी झाले ते विचारू नका, एजीएमला उशिरा पोचलं की पदं अशीच गळ्यात पडतात.

तर त्यासाठी स्पेशल मीटिंग घेतली. तीन कोटेशन आणून ठेवली होती, त्यातलं बरं वाटलेलं साधारण १४ लाखांचं. सोसायटीकडे इकडचं तिकडचं मिळून हात लावता येतील असे ३ लाख. राहिले ११. सरळ हिशोब आहे, फ्लॅटमागे चाळीसेक हजार काढा आणि मोकळे व्हा. पण सरळ हिशोब मीटिंगला कधी चालत नाही. सहाव्या मजल्यावरचा एक उत्साही मेंबर उठला आणि म्हणाला एकच कशाला, दोन घेऊ, कंपनी दोनवर डिस्काउंट देतेय, आणि पैसे लोन काढू, गच्चीवर मोबाइल टॉवर बसला की त्याच्या भाड्यातून हप्ते आपोआप जातील, कुणाच्या खिशाला हात लागणार नाही. टाळ्या पडल्या हो! खरंच टाळ्या पडल्या.

मग तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. काका एअर इंडियात होते, स्टोअर्सला, कलिन्याच्या ओल्ड एअरपोर्टला आख्खी नोकरी काढली. एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "टॉवर आलाय का? नाही ना? मग तोपर्यंत हप्ता कोण भरणार?" आणि खाली बसले. बसता बसता स्वतःशीच पुटपुटले, आमच्याकडे पण असंच झालं होतं.

ते पुटपुटणं माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून रविवारी त्यांच्याकडे गेले. काकूंनी चहा टाकला आणि काकांनी कपाटातून एक स्पायरल काढलं, झेरॉक्सवाल्याकडून बांधून घेतलेलं, कव्हर पिवळं पडलेलं, आत जागोजाग पेन्सिलच्या खुणा. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्यांचा रिपोर्ट. २०११-१२ चा १८ नंबरचा, सप्टेंबर २०११ मध्ये संसदेत ठेवला होता तो. विनोद राय कॅग असतानाचा. त्या काळात सगळी चॅनेलं टूजी स्पेक्ट्रमच्या घोटाळ्यात बुडालेली होती त्यामुळे विमानांचा हा रिपोर्ट दोन दिवस गाजला आणि विरला, निदान माझ्या डोक्यातून तरी. घरी नेऊन वाचला. दोन रात्री गेल्या, पण वाचनीय आहे, खोटं नाही सांगत, सरकारी इंग्रजी असूनही मध्ये मध्ये माणूस वैतागल्यासारखा लिहितो तसं लिहिलंय.

आता गोष्ट अशी. सरकारी विमान कंपनीला विमान घ्यायचं तर आपल्यासारखं तीन कोटेशनवर भागत नाही. आधी कंपनीचं बोर्ड ठराव करणार, मग तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे जाणार, तिथून नियोजन आयोग (तेव्हा होता), मग पब्लिक इन्व्हेस्टमेंट बोर्ड, ज्यात खर्च खात्याचे सचिव वगैरे बसतात, शेवटी कॅबिनेटची आर्थिक कमिटी. यात अधिकारप्राप्त मंत्रिगट वेगळा, वाटाघाटीची कमिटी वेगळी. इतक्या चाळण्यांतून गेल्यावर खडा राहायला नको. कागदावर बघितलं तर आमच्या सोसायटीची लिफ्ट जास्त धोक्यात आहे.

एअर इंडियाने नवीन विमानांचं काम १९९६ पासून सुरू केलेलं. आठ वर्षं भिजत घोंगडं. स्टडी व्हायचा, विमानं बदलायची, सरकारं बदलायची, परत स्टडी. इकडे जुनी विमानं आणखी जुनी होत होती, गल्फच्या कंपन्या आणि नवीन प्रायव्हेट कंपन्या प्रवासी उचलून नेत होत्या. काका म्हणाले त्या दिवसांत एकेका पार्टसाठी मारामार असायची, उभ्या विमानातून काढून उडणाऱ्याला लावायचा. म्हणजे विमानं हवी होती यात वादच नाही, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे वाचून कुणी म्हणेल की घेऊच नको होती. असं नाही.

जानेवारी २००४ ला प्रस्ताव गेला २८ विमानांचा. दहा लांब पल्ल्याची, अठरा छोटी. मेमध्ये सरकार बदललं. ऑगस्टमध्ये नवीन मंत्र्यांकडे मीटिंग झाली, मंत्री म्हणजे आपले गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, आणि ठरलं की परत एकदा बघा, बाजार बदललाय. नोव्हेंबरमध्ये बोर्डाने परत बघून जे पाठवलं त्यात आकडा होता ६८. म्हणजे मोठी ५० आणि एअर इंडिया एक्स्प्रेससाठी छोटी १८. मधे किती वेळ गेला? दहा महिने. त्यातही खरी हालचाल ऑगस्टनंतरच्या तीन-चार महिन्यांत. आठ वर्षं जे हललं नाही ते मग लगीनघाईने पळायला लागलं, आणि ३० डिसेंबर २००५ ला बोइंगबरोबर सह्या झाल्या. आठ ७७७-२००एलआर, पंधरा ७७७-३००ईआर, सत्तावीस ड्रीमलायनर (म्हणजे ७८७), अठरा ७३७. दोन महिन्यांत इंडियन एअरलाइन्सनेही, म्हणजे मुख्यतः देशातल्या देशात उडणाऱ्या दुसऱ्या सरकारी कंपनीने, एअरबसकडून ४३ घ्यायचं पक्कं केलं. दोन्ही मिळून १११.

पैसे? एअर इंडियाच्या ६८ विमानांचा सरकारने मंजूर केलेला खर्च होता ३३,१९७ कोटी. आणि कंपनीचं स्वतःचं भागभांडवल किती तर दीडशे कोटींच्या आसपास. परत वाचा. अंथरूण दीडशे कोटींचं आणि पाय तेहतीस हजार कोटींचे. बाकी सगळं कर्ज. ते फेडायचं कशातून तर विमानं आली की प्रवासी वाढतील, तिकिटाला भाव चांगला मिळेल, त्यातून. इंडियन एअरलाइन्सला तरी सरकारने ३२५ कोटी भांडवल म्हणून द्यायचं ठरवलं होतं.

म्हणजे गच्चीवरचा टॉवर. अगदी तोच. मी हसले आणि मग हसू गेलं.

कॅगने या फायनान्सिंगबद्दल जे शब्द वापरलेत ते म्हणजे 'रेसिपी फॉर डिझास्टर', आणि पुढे म्हटलंय की हे बघून मंत्रालयात, पब्लिक इन्व्हेस्टमेंट बोर्डात, नियोजन आयोगात धोक्याची घंटा वाजायला पाहिजे होती. काकांनी इथे पेन्सिलने दोन रेघा मारल्यात. कारण गंमत तिथेच आहे, वाजवायला माणसं होती की! एक सोडून चार ठिकाणी होती. पण प्रत्येक टेबलावर फाइल पोचली तेव्हा आधीच्या टेबलाची सही होती, मग हा म्हणणार बोर्डाने बघितलंय, तो म्हणणार मंत्रालयाने बघितलंय, शेवटचा म्हणणार इतक्यांनी बघितलंय. आमच्याकडे व्हाउचरवर अशीच सही होते. सेक्रेटरी म्हणतो खजिनदाराने चेक केलंय, मी म्हणते सेक्रेटरीने सही केलीय म्हणजे असेल बरोबर, आणि सिक्युरिटीवाल्याचं एक महिन्याचं बिल दोनदा गेलं ते कुणालाच दिसलं नाही. ते २२ हजार नंतर परत मिळाले. नशीब.

प्रफुल्ल पटेलांची बाजूही लिहायला हवी, ती त्यांनी वेळोवेळी मांडलीच आहे, की निर्णय माझा एकट्याचा नव्हता, सामूहिक होता, मंत्रिगटातून गेलेला. बरोबरच आहे. पण मला विचाराल तर हेच उत्तर भीती घालणारं आहे. एकाने घेतलेला निर्णय चुकला तर निदान बोट दाखवायला कुणी असतं. सामूहिक म्हटलं की बोटं सगळीकडे आणि कुणाकडेच नाही.

अजून एक गोष्ट त्या रिपोर्टात आहे ती मला जास्त लागली. वाटाघाटींना बसताना किंमत अमुकपेक्षा वर जाऊ द्यायची नाही असा आकडाच हातात धरलेला नव्हता. भाजीवाल्याकडे जाताना आपल्याला माहीत असतं ना की मेथीची जुडी वीसच्या वर गेली तर पालक घ्यायचा? ते सुद्धा नाही. आणि इंडियन एअरलाइन्सच्या सौद्यात एअरबसने ट्रेनिंग सेंटर, दुरुस्तीची सोय वगैरेंसाठी १७.५ कोटी डॉलर घालायचं कबूल केलेलं, ते शेवटच्या करारात आलंच नाही. बोलण्यात होतं, कागदावर नाही. लिफ्टवाला मला पण म्हणालाय की मॅडम पाच वर्षं सर्व्हिस फ्री. कोटेशनवर लिहून दे म्हटल्यावर फोन उचलत नाही.

बोइंगने कबूल केलेलं मात्र झालं, उशिरा का होईना. नागपूरला मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे दोन प्रचंड हँगर उभे राहिले ते याच ६८ विमानांच्या सौद्यातून, २०१५ साली सुरू झालं ते. विदर्भाच्या वाट्याला या सगळ्यातून काय आलं असं कुणी विचारलं तर ते हँगर आले. काका एकदा जाऊन बघून आलेत, म्हणाले ७७७ आत घेतलं तरी आजूबाजूला क्रिकेट खेळता येईल.

बरं, समजा कर्ज काढून घेतली विमानं. मग धंदा तरी राखायचा ना. त्याच वर्षांत दुसऱ्या हाताने काय केलं तर परदेशी कंपन्यांना भारतातून उडायला आठवड्याला किती सीट द्यायच्या ते वाढवत नेलं, दुबईचा आकडा ५४,२०० पर्यंत गेला. इकडचा प्रवासी दुबईला बसवायचा आणि तिथून पुढे युरोप-अमेरिकेला न्यायचा हा त्यांचा खरा धंदा. माझा दीर न्यू जर्सीला, तो दरवेळी दुबईवरूनच आला, स्वस्त पडायचं, सामान जास्त नेऊ द्यायचे, आणि मीच त्याला म्हणायचे छान कंपनी आहे हो. म्हणजे प्रवासी म्हणून आमचा फायदाच झाला, ते नाकारून कसं चालेल. पण एकाच मंत्रालयाने एका फाइलवर 'लांब पल्ल्याचे प्रवासी वाढणार' असं धरून विमानं घ्यायची आणि शेजारच्या फाइलवर तेच प्रवासी वाटून टाकायचे, या दोन फायली एका माणसाने एका दिवशी शेजारी शेजारी ठेवून बघायला हव्या होत्या. बस. एवढीच देखरेख. त्यात २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या, त्या लग्नाबद्दल लिहायला बसले तर हा ब्लॉग पुढच्या गणपतीत संपेल. मार्च २०१० ला एअर इंडियावर कर्ज होतं ३८,४२३ कोटी. २०१२ मध्ये सरकारने टप्प्याटप्प्याने तीस हजार कोटींवर भांडवल घालायचं ठरवलं.

आणि ड्रीमलायनर? २००८ ला येणार होतं ते २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आलं. आल्यावर चार-पाच महिन्यांत बॅटऱ्यांच्या प्रॉब्लेममुळे जगभरातली सगळी जमिनीवर बसली. हा दोष अर्थात आपल्या कुठल्या कमिटीचा नव्हे. १२ जून २०२५ ला अहमदाबादला पडलं ते विमान याच सत्तावीसातलं होतं. त्याचा खरेदीच्या फायलींशी काही संबंध नाही, उगाच जोडायचाही नाही. पण काकांनी तो दिवस टीव्ही लावला नाही एवढं मला माहितीय.

आता ७७७-२००एलआरची गोष्ट, ही काकांची लाडकी. कुठेही न थांबता सोळा-सोळा तास उडणारं विमान, आठ घेतली. एवढ्या लांबच्या उड्डाणाला इंधनच इतकं लागतं की तेलाचे भाव चढले की ते विमान गळ्यातलं लोढणं. तर आठातली पाच २०१३-१४ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकून टाकली, तीही अंदाजित किमतीपेक्षा कमीत. २०१७ मध्ये कॅगचा दुसरा रिपोर्ट आला त्यात या विक्रीत ६७१ कोटींचं नुकसान काढलंय. इथपर्यंत आपण म्हणू ठीक आहे, चुकलं, निस्तरलं. पण पुढे ऐका. या बोइंग विमानांच्या कर्जाला अमेरिकेच्या सरकारी एक्झिम बँकेची हमी होती, आणि त्यावरून डेल्टा एअरलाइन्सने २०११ मध्ये त्या बँकेवर केस ठोकलेली, की आमच्याच सरकारच्या हमीवर स्वस्तात विमानं घेऊन एअर इंडिया आमचा धंदा बसवते. नंतर डेल्टाने स्वतःची ७७७ कोविडमध्ये काढून टाकली. आणि २०२२ मध्ये टाटांच्या हातात आल्यावर एअर इंडियाला अमेरिकेला जायला लांब पल्ल्याची विमानं कमी पडायला लागली तेव्हा भाड्याने काय आणली? ७७७-२००एलआर. किती? पाच. कुणाची? डेल्टाची जुनी. काका हे सांगताना प्रत्येक प्रश्नानंतर थांबतात आणि आपण उत्तर द्यायची वाट बघतात.

हे सगळं नवीन आहे असं वाटत असेल तर त्याच्या वीस वर्षं आधी इंडियन एअरलाइन्सचं झालेलं. बोइंग ७५७ घ्यायचं जवळपास ठरलेलं, मग गाडी एअरबस ए३२० कडे वळली आणि १९८६ मध्ये करार झाला. तेव्हा ए३२० एकदाही उडालेलं नव्हतं! पहिलं उड्डाण फेब्रुवारी १९८७ चं. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळुरूला त्यातलं एक पडलं, १४६ पैकी ९२ माणसं गेली, नवीन आलेल्या व्ही. पी. सिंग सरकारने सगळी ए३२० जमिनीवर बसवली, सीबीआयने खरेदीवर गुन्हा नोंदवला, चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळली. आणि विमान? आज आपण डोळे झाकून ज्यात बसतो ते तेच, देशात सगळ्यात जास्त उडणाऱ्यांपैकी.

१११ वर पण सीबीआय आली. आधी सुप्रीम कोर्टात याचिका झाली, मग मे २०१७ मध्ये तीन गुन्हे, विमानखरेदी, भाड्याने घेतलेली विमानं, फायद्याचे रूट सोडणं वगैरे, आणि विलीनीकरणाची वेगळी प्राथमिक चौकशी. बारा वर्षांनी. मार्च २०२४ ला भाड्याच्या विमानांच्या केसमध्ये सीबीआयने पुरावा नाही म्हणून क्लोजर रिपोर्ट दिला. त्याच्या आठ-नऊ महिने आधी पटेल अजित पवारांबरोबर सत्तेच्या बाजूला गेले होते, त्यावर काय बोलणं व्हायचं ते झालंच. मी त्यात पडत नाही. पुरावा नसेल तर नसेल. मला त्यात चोर सापडला की नाही यापेक्षा हे जास्त खटकतं की आपल्याकडे एकतर चोर शोधायचा नाहीतर विषय बंद, मधलं काही नाही. एक पैसा न खाता, सगळ्यांनी नियमाने सह्या करून सुद्धा कंपनी बुडवता येते, हे सीबीआयच्या फॉर्ममध्ये भरायला रकानाच नाही.

तो रकाना कॅगकडे आहे, पण कॅगचं काम मुळात मागून यायचं. वरातीमागून घोडं म्हणा. विमानं आली, कर्ज चढलं, त्यानंतर रिपोर्ट. आमच्या ऑडिटरचं तेच. वर्ष संपल्यावर येतो, शेरे मारतो, मग आम्ही दोष दुरुस्ती अहवाल भरून रजिस्ट्रार ऑफिसला देतो, तोच तो ओ फॉर्म, त्यात प्रत्येक शेऱ्यापुढे आम्ही लिहितो 'यापुढे दक्षता घेण्यात येईल'. कॅगचे रिपोर्ट तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीला मंत्रालयं जी उत्तरं देतात ती यापेक्षा फार वेगळी नसतात, फक्त जाड असतात.

आता तर प्रश्नच मिटला म्हणायचं. टाटांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर दिली, नंतर आणखी शंभर एअरबस. ना पब्लिक इन्व्हेस्टमेंट बोर्ड, ना कॅग. त्यांचे पैसे, त्यांचा जीव. काकांना विचारलं तुम्हाला हे बरं वाटतं का, तर म्हणाले बरं वाटतं आणि पोटात दुखतं पण, आम्ही स्टोअर्समध्ये एका स्क्रूला तीन सह्या घ्यायचो.

आणि त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, हप्ता कोण भरणार, ते पण मिळालं म्हणा. ऑगस्ट २०२१ अखेर एअर इंडियावर एकूण ६१,५६२ कोटी कर्ज होतं. टाटांची बोली १८,००० कोटी, त्यातलं १५,३०० कोटींचं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं, उरलेले २,७०० रोख. बाकीचे ४६,२६२ कोटी सरकारच्या एका वेगळ्या कंपनीच्या नावावर टाकले. सरकारच्या म्हणजे कुणाच्या ते तुम्हाला माहितीय. नरिमन पॉइंटची ती तेवीस मजली बिल्डिंग, वर एअर इंडियाचं चिन्ह, सेंटॉर, फिरायचा ती, महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं, मंत्रालयाला जागा कमी पडते म्हणून. म्हणजे केंद्राचं कर्ज थोडं कमी करायला राज्याने पैसे दिले, आणि दोन्ही खिसे आपलेच.

लिफ्टचं विचाराल तर परत मीटिंग झाली. एकच घ्यायची, लोन नाही, टॉवर नाही. फ्लॅटमागे ३९,३०० रुपये, दोन हप्त्यांत. सहाव्या मजल्यावरचा माझ्याशी अजून नीट बोलत नाही. पहिला चेक काकांनी आणून दिला, दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला, जिने चढून, कारण मी पाचव्यावर. मी पावती फाडून दिली. ते खाली गेले, पाच मिनिटांनी परत बेल. पावतीवर मी तारीख घातली नव्हती.